पंचवीस हजारांचा लाकडी बैल

१

न्यूयॉर्कहून आलेल्या त्या पत्राची नऊ पानं होती आणि सातव्या पानावर एक बैल होता.

आमच्या खनिज मंडळाला १९७५ साली ब्रॅनर अँड होल्ट या अमेरिकन कंपनीनं खाणीत भोकं पाडायची यंत्रं विकली होती. आता १९७८ उजाडलं होतं आणि अमेरिकेत नवा कायदा झाला होता. परदेशातल्या अधिकाऱ्यांना लाच देणाऱ्या कंपनीला तिकडच्या तिकडेच धरायचं, असा तो कायदा. त्यामुळे तिकडच्या कंपन्यांना एकाएकी कंठ फुटला होता. कोणाला काय चारलं हे त्या आपणहून सांगत सुटल्या होत्या. तिकडे युनोमध्ये लाचेविरुद्ध साऱ्या देशांचा करार व्हावा म्हणून बैठकांवर बैठका चालल्या होत्या म्हणे. आणि इकडे मी, मार्तंड आपटे, मंडळाच्या मुंबई कचेरीतला दक्षता अधिकारी, मूळ राहणार पुणे, सातव्या पानावर डोकं धरून बसलो होतो.

त्या पानावर एवढंच होतं. नागपूर, १९७५, पोळा सण. खरेदी समितीचा एक सदस्य एका लहान लेकराला आणि त्याच्या चाकं लावलेल्या लाकडी बैलाला घेऊन आमच्या प्रतिनिधीच्या मुक्कामी आला. प्रथेप्रमाणे बैलाला भेट देण्यात आली. रक्कम रुपये पंचवीस हजार.

सदस्याचं नाव नव्हतं. ही नोंद करणारा प्रतिनिधी मुंबईचा होता आणि तो गेल्या वर्षीच वारला होता. समासात अमेरिकन वकिलांनी लाल शाईनं विचारलं होतं की ही प्रथा कोणती, कृपया खुलासा करावा.

समितीवर तिघं होते. पत्रातला मजकूर गुप्त ठेवून मुंबईनं तिघांना एकच प्रश्न पाठवला की १९७५च्या पोळ्याच्या दिवशी तुम्ही कुठे होता? दोघांनी नागपूरबाहेर असल्याचं कळवलं. तिसरे, मुख्य अभियंता कृष्णकांत दंडिगे यांनी लिहिलं, “नागपुरात, घरी.” मुंबईनं त्यांना त्याच आठवड्यात निलंबित केलं.

दंडिगे तीस सप्टेंबरला निवृत्त होणार होते. निलंबित असतानाच निवृत्त झाले असते, तर छत्तीस वर्षांच्या नोकरीवर कायमचा डाग बसला असता. गणपती बुडवून अठरा तारखेला मी नागपूरला उतरलो, तेव्हा माझ्या हातात बारा दिवस होते. काम सोपं वाटत होतं. दंडिग्यांकडून कबुली घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची.

पण पहिल्याच भेटीत त्या माणसानंच मला प्रश्न विचारला.

२

“आपटे साहेब, माझ्यावर आरोप काय आहे?”

दंडिगे धंतोलीत राहत. अंगात स्वच्छ बंडी, समोर घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि दाढी अगदी गुळगुळीत. कचेरीत जायचं नसतानाही हा गृहस्थ रोज सकाळी नऊला तयार होऊन बसत असावा.

“ते सध्या सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “कागद गुप्त आहेत.”

“म्हणजे कशासाठी घरी बसवलं ते मला कोणी सांगूनच नाही राहिलं, अन् मी मात्र उत्तर द्यायचं?”

माझे कान तापले. म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच तापले. मी वही उघडली. “पोळ्याच्या दिवशी तुम्ही काय केलंत?”

“पुरणपोळी खाल्ली. झोपलो. संध्याकाळी पुस्तक वाचलं.”

“घरात लहान मूल आहे?”

“नातू आहे. तेव्हा चार वर्षांचा होता.” ते बुचकळ्यात पडले. “त्याचा काय संबंध?”

मी खूण करून ठेवली. नागपुरात हजर, घरात लहान मूल. सगळं जुळत होतं. साक्षीदार कोण म्हणून विचारलं, तर दंडिगे म्हणाले, “बायको. पण तिची साक्ष तुम्ही कुठे धरणार?”

त्यांच्या पत्नी यमुताई दाराशी उभ्याच होत्या. त्या पुढे आल्या. “साहेब, मी सांगते ना. त्या दिवशी हे घरीच होते, कोणाकडे गेले नाहीत, कोणी आलं नाही. अन् दुसऱ्या दिवशी तर आम्ही गावातच नव्हतो. माझ्या बहिणीचे सासरे गेले होते, उमरेडला त्यांची तेरवी होती. पहाटेच्या एस.टी.नं सगळं घर...”

“बाई,” मी त्यांना थांबवलं, “मला पोळ्याचा दिवस हवा आहे. दुसऱ्या दिवसाचं काय करू?”

त्या दाराशी परत गेल्या. मी वहीत त्यातलं अक्षरही लिहून घेतलं नाही. आजही ते पान आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निघताना दंडिगे फाटकापर्यंत आले. “मी लाच खाल्ली असं तुम्हाला वाटते का?” त्यांनी सरळ विचारलं. लाच हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

मग यांना तो कुठून कळला?

३

“अजी, पुऱ्या नागपुराले मालूम हाय!” मारोतराव बोढे खदाखदा हसले. “अमेरिकेची कंपनी कबूल झाली म्हून चपराशीबी सांगून राहिला. तुमचे कागद गुप्त, अन् बोंब गावभर!”

बोढे समितीतले दुसरे सदस्य, खाणींचे व्यवस्थापक. आवाज असा की शेजारच्या खोलीतलं टंकयंत्र थांबावं. नवं दुमजली घर, नवी मोटरसायकल, चार मुलं. माझ्या मनात सगळ्यात आधी संशय आला तो यांचाच. पण यांच्याकडे सावनेरच्या सरपंचाचा दाखला होता.

“पोळ्याच्या दिवशी कास्तकार कुठं राहीन?” ते म्हणाले. “बैलापाशी! सावनेरले होतो. अन् हे पाहा.” असं म्हणून या मोठ्या अधिकाऱ्यानं भर कचेरीत पॅंट गुडघ्याच्या वर चढवली. मांडीला वीतभर लांब व्रण होता. “तोरणाखाली बैल उभे करून राहिलो होतो, अन् बसलं शिंग. आठ दिवस तिथंच दवाखान्यात पडून होतो.”

मी तोंड वळवलं. “दाखला पुरे आहे.”

“साहेब, एक इचारू? दंडिगे साहेबाले काहून धरलं? तो मानूस कंपनीच्या लोकायचा चहाबी पेत नोयता. मले काही समजूनच नाही राहिलं.”

मलाही समजत नव्हतं. ज्याचं घर नवं, तो सावनेरला. ज्याच्या घरातल्या खुर्चीचा वेत तुटलेला, तो नागपुरात. कचेरीत ज्याला विचारावं तो दंडिग्यांसाठी हळहळत होता. सचोटीची इतकी एकमुखी ग्वाही मी आजवर कुठल्याच गुन्हेगाराबद्दल ऐकली नव्हती.

तिसरे सदस्य, अर्थ अधिकारी श्रीधर वऱ्हाडपांडे, मला फार आवडले. मृदू बोलणं, नीटनेटकं टेबल. पोळ्याच्या दिवशी ते मुंबईला दौऱ्यावर होते. मी मागायच्या आत त्यांनी दादरच्या लॉजमालकाचं पत्र समोर ठेवलं.

“पोळ्याला मी मुंबईत होतो. दुसरा दिवसही तिथेच गेला,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं निघालो. मालकानं दोन्ही दिवसांचं लिहून दिलं आहे.”

इतके व्यवस्थित कागद पाहून जीव सुखावला. वऱ्हाडपांडे उसासले. “दंडिगे साहेबांचं फार वाईट वाटते हो. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतो. उद्या सकाळी तुम्ही आमच्याकडे पोह्यांना या. विश्रामगृहातलं खाऊन कंटाळले असाल.”

मी गेलो. आणि पोह्यांची बशी हातात असतानाच समोरच्या भिंतीवर मला तो बैल दिसला.

४

फोटोतला बैल. लाकडाचा, चाकं लावलेला, पाठीवर मखमली झूल, शिंगांना गोंडे. त्याची दोरी धरून पाच वर्षांची मुलगी उभी होती, हातात बक्षिसाचा पेला. मागे कापडी फलक होता, “लाकडी बैल सजावट स्पर्धा, १९७५”. आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून हसणारे श्रीधर वऱ्हाडपांडे.

मी बशी खाली ठेवली.

पोळा, १९७५. लाकडी बैल. वऱ्हाडपांडे नागपुरात. पण पोळ्याला ते मुंबईत होते! लॉजचं पत्र होतं. शिवाय त्या दिवशी मंडळाच्या मुंबईतल्या बैठकीत ते हजर होते, हे मी स्वतः कचेरीच्या कागदांत पाहिलं होतं. एक माणूस एकाच दिवशी दोन गावांत कसा?

वऱ्हाडपांडे आत कोणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांच्या पत्नी चारुशीलाताई पोह्यांवर रस्सा वाढायला आल्या.

“फोटो सुरेख आहे,” मी म्हणालो. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “पण पोळ्याच्या दिवशी तर साहेब मुंबईला होते ना?”

“हो ना! मोठ्या पोळ्याला ते मुंबईतच होते,” त्या म्हणाल्या. “हा तर दुसऱ्या दिवशीचा. तान्ह्या पोळ्याचा.”

“कसला पोळा?”

“अय्या, पुण्याला तान्हा पोळा नसते का?” त्यांना माझी कीव आली. “पहिल्या दिवशी मोठा पोळा, जित्त्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी लेकरांचा. लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, अन् लोक बैलाला बोजारा देतात. खाऊ, पैसे, जे असेल ते.”

“आणि पहिल्या दिवशी? त्या दिवशी कोणी लाकडी बैल फिरवत नाही?”

“आदल्या दिवशी काहून फिरवतील? तो मान खऱ्या बैलांचा. आमच्या शेंडेफळालाही विचारा, सांगेल.” त्या फोटोजवळ गेल्या. “हे त्याच दिवशी सकाळी मेलनं आले. ही झूल मुंबईवरूनच आणली. अन् पोरीला घेऊन स्वतः फिरले सगळीकडे. एरवी घरात लक्ष नाही, पण त्या दिवशी तर मोठमोठ्या लोकांकडे घेऊन गेले तिला.”

आमच्याकडे मातीचे बैल पोळ्याच्याच दिवशी पाटावर मांडून पूजतात. लाकडी बैल म्हणजे तसलंच काहीतरी, असं मी धरून चाललो होतो. मुंबईतल्या साहेबांनीही तेच धरलं. तो वारलेला प्रतिनिधीही मुंबईचाच. त्यानं सणाचं नाव ऐकलं ते लिहिलं, दोन पोळे असतात हे त्याच्या गावी नव्हतं. आम्ही सगळ्या बाहेरच्या शहाण्यांनी मिळून एका माणसाला चुकीच्या दिवसासाठी घरी बसवलं होतं.

“हा फोटो दोन दिवस नेऊ का?” मी विचारलं.

“न्या की! कोणाला दाखवायचा आहे का?” त्यांनी फोटो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. मला त्यांच्याकडे बघवेना. पण मी तो घेतला.

५

तीन दिवस मी खुळ्यासारखा फिरलो. उमरेडला जाऊन तेरवीचं जेवण रांधणाऱ्या भीमाबाईंना भेटलो. त्यांना दंडिगे पक्के आठवत होते. “त्यायनं वाढाले मदत केली न बाप्पा! नातू उष्ट्या पत्रावळीत पडला होता, त्याले मीच धुतलं.” दंडिगे मंडळी त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत उमरेडलाच होती. सावनेरच्या दवाखान्याच्या नोंदवहीत बोढ्यांची मांडीही सापडली. मग मी वऱ्हाडपांड्यांना विश्रामगृहावरच्या माझ्या खोलीत बोलावलं.

ते आले, हसले, बसले. मी प्रश्न केला, “मुंबईनं तुम्हाला कोणत्या दिवसाबद्दल विचारलं होतं?”

“पोळ्याच्या.”

“बरोबर. दंडिग्यांनी पोळ्याचं उत्तर दिलं. बोढ्यांनी पोळ्याचा दाखला दिला. कागदात लाकडी बैल आहे हे तिघांपैकी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवसाचा पुरावा तुम्ही काहून आणलात?” माझ्या तोंडून ‘काहून’ कसं निघालं, देव जाणे.

“गैरसमज नको म्हणून,” ते म्हणाले. “खबरदारी.”

“कशाची? पैसे दुसऱ्या दिवशी दिले गेले, हे या शहरात एकालाच माहीत असू शकतं. ज्यानं घेतले त्याला.”

“साहेब, यमुताईसुद्धा दुसऱ्या दिवसाचं बोलल्या असतील. बोढेही बोलले असतील. लोक गप्पांत बोलतात.”

“बोलले. पण त्यांनी गप्पाच मारल्या. कागद बनवून आणले नाहीत. आणि तुमचा कागद खोटा आहे.” मी फोटो टेबलावर ठेवला. “लॉजमालक म्हणतो तुम्ही त्या दिवशी दादरला होता. तुम्ही तर इथे आहात.”

त्यांनी फोटो उचलून जवळ धरला.

“हा कोणी दिला?”

सांगायची गरजच नव्हती. त्यांना ते कळलंच. चेहरा एकदम उतरला, आणि मला वाटतं पकडले गेल्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं.

“मी मागितले नव्हते,” अखेर ते म्हणाले. “त्यानं पाकीट बैलापुढे ठेवलं. पोरीनं उचललं. बोजारा परत करत नाहीत, साहेब. लेकराच्या हातातून काढून घेऊ का?”

“त्याच्या दारात तिला घेऊन कोण गेलं होतं?”

त्यांनी फोटो टेबलावर उलटा करून ठेवला.

“आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी दंडिग्यांकडे जाऊन बसत होतात, ते कशाला?”

“त्यांना काय विचारलं, तुम्ही काय लिहून घेतलं, ते कळायचं.” त्यांनी चष्मा काढला. “ते मला चहा देत. मला वाटे, आठ-दहा दिवस राहिलेत. निवृत्त झाले की लोक विसरतील. त्यांना पोरीबाळी उजवायच्या नाहीत. त्यांचं काय जातंय?”

इतका संताप मला नोकरीत कधी आला नव्हता. तरी मी त्यांच्यासमोर कागद ठेवला, पेन दिलं, आणि त्यांनी कबुली लिहून सही केली. सव्वीस तारीख होती. मी त्याच दुपारी मुंबईला तार केली की गुन्हेगार सापडला, दंडिग्यांना ताबडतोब कामावर घ्या.

सत्तावीसला उत्तर आलं. ते मी तिथंच उभ्यानं वाचलं.

६

“सुट्ट्यांच्या यादीत तान्हा पोळा नावाचा सण आढळत नाही. पुरावा पाठवा. न्यूयॉर्कच्या वकिलांना पटेपर्यंत निलंबन मागे घेता येणार नाही.”

कबुली हातात होती, तरी अडून बसले होते. न्यूयॉर्कला एक तारीख कळवून झाली होती आणि ती चूक होती असं आता कोणी लिहायचं, हा खरा पेच होता. मी दिवसभर बसून इंग्रजीत तान्हा पोळा लिहिला. नंदी, चाकं, झूल, बोजारा. खाली जिल्ह्यातल्या चार मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्या. शेवटी लिहिलं की चूक माझी आणि मुंबई कचेरीची आहे, दंडिग्यांची नाही. फोनवरून अर्धा तास ओरडलोही.

अठ्ठावीसला संध्याकाळी हुकूम आला. तो घेऊन मीच धंतोलीत गेलो.

दंडिग्यांनी तो दोनदा वाचला. मग मी त्यांना सातवं पान दाखवलं. आता गुप्ततेचं जे व्हायचं ते होवो, असं ठरवूनच दाखवलं. त्यांनी बैलाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“लाकडी बैल. अन् दिवस पोळ्याचा,” ते म्हणाले. “आपटे साहेब, हे मला पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर? मी कशाला, रस्त्यावरच्या कोणत्याही लेकराला विचारलं असतं तर?”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “यमुताई सांगत होत्या, मी त्यांना गप्प केलं.”

ते ‘असू द्या’ म्हणाले नाहीत. म्हणायला नकोच होतं.

एकोणतीसला, शुक्रवारी, ते बरोबर साडेदहाला कचेरीत आले. उरला होता तो दिवस आणि शनिवारचा अर्धा. बोढ्यांनी हारतुऱ्यांचा घाट घातला होता, तो दंडिग्यांनी मोडीत काढला. “तुंबलेल्या फायली आणा,” एवढंच म्हणाले. दीड दिवसात त्यांनी त्रेचाळीस फायली हातावेगळ्या केल्या. शनिवारी एक वाजता टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

फाटकाशी यमुताई उभ्या होत्या. नवऱ्याला न्यायला त्या छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कचेरीत आल्या असाव्यात. नवीन लुगडं, डोईवर पदर, ऊन अगदी रणरणतं. मी रिक्षा बोलवायला निघालो, तर त्यांनीच मला हातानं थांबवलं.

“रिक्षा नको, साहेब. महिनाभर मी भाजीलासुद्धा मागच्या बोळातून गेली. कोणी विचारलं तर काय सांगू म्हणून.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “आज चौकातून जाऊ. पायीच. अन् हळू चालायचं, समजलं का? सगळ्यांना दिसलं पाहिजे.”

दंडिग्यांनी डबा त्यांच्याकडे दिला, टोपी सरळ केली, आणि दोघं भर उन्हात रस्त्याच्या मधोमध चालू लागले.